मुक्कामी एसटीचा रस्ता

पत्र पुण्यातल्या एका वाचक ताईंचं आहे. वय ५१, माध्यमिक शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गिअरची सायकल घेतली आणि दर रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ लागल्या. मागच्या वर्षी ओळखीच्या एका ग्रुपबरोबर महामार्गावरून तीन दिवसांच्या सफरीला गेल्या. दुसऱ्या दिवशी मागून आलेल्या ट्रकने अगदी कानाशी हॉर्न दिला. त्या दचकल्या, चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं आणि पडल्या. खरचटण्यावर निभावलं, पण तेव्हापासून मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की हात थरथरतात. ग्रुपमधले म्हणतात, भीती मोडायची तर पुन्हा महामार्गावरच या. डिसेंबरमध्ये त्यांची पुणे ते गोवा सफर आहे. म्युनिकला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, पैसे साठव, दोन वर्षांनी इकडे ये, डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत जाऊ, तिथे सायकलचा रस्ताच वेगळा असतो. यजमान म्हणतात, या वयात हे हवंच कशाला, विकून टाक. ताईंचा प्रश्न असा: “मला डोंगर, नदी, गावं बघत शांतपणे सायकल चालवायची आहे. त्यासाठी भीती मोडायला हवी, परदेशात जायला हवं, की हा नादच सोडायला हवा?”

ताई,

सायकल विकू नका. एवढं आधीच सांगते, कारण बाकीचं उत्तर लांबणार आहे.

तुम्ही तीन पर्याय मांडलेत आणि तिन्ही दुसऱ्यांनी सुचवलेले आहेत. गोवा ग्रुपचं, डॅन्यूब मुलाचा, विकणं यजमानांचं. तुमचं स्वतःचं म्हणणं फक्त एका ओळीत आलंय, डोंगर, नदी, गावं बघत शांतपणे. त्या ओळीत वेग नाही, किलोमीटरचा आकडा नाही, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचण्याची घाई नाही. म्हणून मी त्या ओळीला धरूनच उत्तर देते.

आधी भीतीबद्दल. ती मोडायची गोष्ट आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. मला तसं वाटत नाही. भरलेला ट्रक हातभर अंतरावरून वेगाने गेला की त्याच्या वाऱ्याचा झोत सायकलला आधी बाहेर ढकलतो आणि ट्रक पुढे सरकला की आत ओढतो. तुमच्या हातांनी हे त्या दिवशी शिकून घेतलं आणि ते बरोबरच शिकले. महामार्गावर वर्षानुवर्षं चालवणारे या झोताला सरावतात, दचकत नाहीत. पण त्यांच्या आणि ट्रकच्या मधलं अंतरही हातभरच असतं. सवयीने मन घट्ट होतं, रस्ता तोच राहतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी घाट उतरताना वळणावर समोरून ओव्हरटेक करत एक गाडी थेट माझ्या बाजूला आली. मी डोंगराकडच्या गटारात गेले म्हणून वाचले. मनगटाचं हाड सांधायला सहा आठवडे लागले आणि पुन्हा सायकलवर बसायला पाच महिने. बसले तेव्हा मोठ्या रस्त्यावर गेलेच नाही, आजोळच्या गावच्या रस्त्यावर रोज थोडं थोडं चालवलं. तिथे तासाभरात एखादी जीप यायची. लांबून आवाज यायचा, मी कडेला थांबायचे, जीप जायची, छातीतली धडधड हळूहळू बसायची, मग पुन्हा पायंडल मारायचे. दोन गाड्यांच्या मध्ये मन शांत व्हायला वेळ मिळत होता. महामार्गावर तो वेळच मिळत नाही. एका ट्रकची धडकी ओसरायच्या आत दुसरा आलेला असतो, आणि अशा ठिकाणी भीती कमी होण्याऐवजी आणखी आत जाऊन बसते. म्हणून डिसेंबरची गोव्याची सफर यंदा नको. ग्रुपला तसं मोकळेपणाने सांगा. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण त्यांना हवी असलेली सफर आणि तुम्हाला हवी असलेली सफर वेगळी आहे.

एक गोष्ट मात्र जरूर बघा. सायकलवर नसतानाही, म्हणजे रिक्षात, झोपेत किंवा वर्गात शिकवताना तो प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, झोप मोडत असेल, तर समुपदेशकाकडे दोन-चार वेळा जाऊन या. त्यावर चांगले उपचार असतात. पण पहाटे खडकवासल्याला तुम्ही अजून जाता असं लिहिलंय, त्यावरून मला तरी वाटतं की भीती सायकलची नाही, ट्रकची आहे.

आता डॅन्यूबकडे येऊ. मुलगा सांगतो ते खरं आहे. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्त्स अशा तीन नद्या एकत्र येतात. तिथून व्हिएन्नापर्यंतचा सायकलमार्ग साधारण ३२० किलोमीटरचा आहे आणि बहुतेक लोक तो आठवडाभरात करतात, म्हणजे दिवसाला ४५-५० किलोमीटर. मार्ग बराचसा सपाट, कारण तो नदीला लागून जातो. आणि तो नदीला इतका लागून का जातो त्यामागे इतिहास आहे. आगबोटी येण्याआधी मालाच्या होड्या प्रवाहाच्या उलट्या दिशेने न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून त्या ओढत. त्या घोड्यांसाठी पाण्याच्या कडेने पायवाट राखलेली असे, तिला तिकडे ट्रेपेलवेग म्हणतात. घोडे गेले, वाट राहिली, आणि पुढे तिच्यावरून सायकली धावू लागल्या. श्लोगेनपाशी नदी डोंगराला अडून जवळपास उलटी फिरते, तिथला काठ दाट रानाचा. पुढे मेल्क ते क्रेम्स हा पस्तीसेक किलोमीटरचा वाखाऊचा पट्टा द्राक्षमळ्यांचा आणि जर्दाळूंचा आहे. तो २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही काठांवर वाट आहे, आणि मधे मधे सायकलवाल्यांना पलीकडे सोडणाऱ्या लहान नावा आहेत. वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, म्हणून लोक पासाऊहून व्हिएन्नाकडे जातात, उलटे येत नाहीत.

जावं अशीच ती जागा आहे. पण तिच्याबद्दलच्या दोन समजुती थोड्या सैल करा. एक, सगळा मार्ग शंभर टक्के वाहनमुक्त नाही. काही तुकडे गावातल्या आणि शेतातल्या रस्त्यांवरून जातात, तिथे गाड्या असतात, फक्त कमी आणि सावकाश. दोन, तिथे एकांत मिळेलच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वाटेवर सायकलींचीच गर्दी असते. मुलाकडे जाणारच असाल तर मे-जून किंवा सप्टेंबर धरा. आणि सगळं अंतर करायची गरज नाही. तिथल्या रेल्वेत सायकल नेता येते, तेव्हा नुसता मेल्क ते क्रेम्स हा तुकडा दोन दिवसांत निवांत केलात तरी चालेल. खर्चाचा बोजाही हलका होईल.

माझी हरकत डॅन्यूबला नाही, “दोन वर्षांनी” याला आहे. एक्कावन्नाव्या वर्षी पाय तयार आहेत, सायकल तयार आहे, आणि आपण बसून राहायचं ते केवळ इकडे तसे रस्ते नाहीत म्हणून. हे गृहीतक मला तपासून बघावंसं वाटतं.

युरोपात सायकलसाठी वेगळी वाट बांधून ठेवलेली असते. आपल्याकडे ती नाही, हे खरं. पण ज्या रस्त्यावर वाहनांना जायचं कारणच नाही, असे रस्ते सह्याद्रीच्या देशाकडच्या बाजूला डझनांनी आहेत. नकाशा उघडून पाहा. आपल्या नद्या घाटमाथ्यावर उगम पावतात आणि पूर्वेला वाहत जातात. मुठा, मोसे, आंबी, कानंद, गुंजवणी, वेळवंडी, नीरा, आणि खाली साताऱ्याकडे कृष्णा, वेण्णा, उरमोडी. प्रत्येकीचं लांबट खोरं आहे, दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा आहेत, आणि पश्चिमेला बहुतेक खोरी घाटमाथ्याच्या कड्यापाशी संपतात. बहुतेक ठिकाणी मधे धरण आहे. काठाकाठाने एक अरुंद डांबरी रस्ता आत जातो, दहा-बारा गावं आणि वाड्या जोडतो आणि शेवटच्या गावात संपतो. बऱ्याच ठिकाणी पलीकडे दोन-अडीच हजार फूट खाली कोकण, उतरायला फक्त पायवाट. ट्रकला तिथून पुढे जायला वाटच नाही, म्हणून ट्रक येत नाही. गावात सिमेंट आणि विटा घेऊन येणारा एखादा टेम्पो, दुधाची गाडी, मोटरसायकली, वडाप जीप आणि एसटी, एवढीच वर्दळ.

आपल्या पूर्वजांनी मुलूख मोजला तोही असाच. बारा मावळांतली नावं आठवा, मुठा खोरं, मोसे खोरं, कानद खोरं, वेळवंड खोरं, रोहिड खोरं, गुंजण मावळ, हिर्डस मावळ. एकेक नदी, एकेक खोरं, एकेक देशमुखी. तुम्ही शिक्षिका आहात, ही नावं फळ्यावर कितीदा लिहिली असतील. मी म्हणेन, आता ती एकेक करून सायकलने बघा.

रस्ता शांत आहे की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे. एसटी स्टँडवर जा आणि चौकशीच्या खिडकीवर विचारा, अमुक गावाला दिवसातून किती गाड्या जातात आणि मुक्कामी गाडी आहे का? संध्याकाळी गेलेली एसटी रात्री ज्या गावात थांबते आणि पहाटे परत निघते, ते गाव बहुधा रस्त्याच्या शेवटी असतं. जिथे पुढे रस्ता आहे तिथे गाडी पुढे जाते, मुक्काम करत नाही. दिवसातून दोन-तीन फेऱ्या आणि एक मुक्कामी, असं उत्तर आलं की तो रस्ता तुमचा समजा. दर अर्ध्या तासाला गाडी आहे असं कळलं तर सोडून द्या.

हा फरक भोरला फार स्पष्ट दिसतो. भोरहून नीरा-देवघरच्या जलाशयाकाठाने हिर्डस मावळातून जाणारा रस्ता अतिशय सुंदर आहे, पण तो पुढे वरंधा घाटातून महाडला उतरतो. म्हणजे तो कुठे तरी पोचवणारा रस्ता आहे, आणि म्हणून त्यावर कोकणात जाणारी वाहनं असतात, शनिवार-रविवारी तर पर्यटकांच्या मोटारींची रीघ. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद ठेवतात तेव्हा रस्ता रिकामा दिसतो, पण त्या रिकामेपणाच्या मोहात पडू नका. याउलट शेजारचंच वेळवंड खोरं. भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेने, पसुऱ्याच्या बाजूने आत जाणारा रस्ता सकाळी सात वाजता जवळपास तुमच्या एकटीचा असतो. धरण १९२८ साली पूर्ण झालं, तेव्हा जुनी गावं आणि जुनी वाट पाण्याखाली गेली, आणि आता आपण चालवतो तो रस्ता त्या पाण्याला वळसा घालत वरून काढलेला आहे. कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाहेर येतं.

इथे मला एक सावधगिरीची गोष्ट जरा सविस्तर सांगायची आहे, कारण नवख्यांचा अंदाज इथेच चुकतो. धरणाकाठचा रस्ता म्हणजे सपाट असं आपण धरून चालतो, कारण पाणी सपाट दिसतं. प्रत्यक्षात डोंगरातून उतरणारा प्रत्येक ओढा जलाशयात शिरतो तिथे पाण्याचं एक बोट आत घुसलेलं असतं, आणि रस्ता त्या बोटाच्या कडेने आत जातो, मोरीवरून ओढा ओलांडतो आणि पलीकडून परत बाहेर येतो. मोरीपाशी उतार, सोंडेवर चढ. समोरचं गाव पाण्यापलीकडे हाकेच्या अंतरावर दिसतं आणि पोचायला अर्धा तास लागतो. एकही चढ मोठा नाही, पण असे वीस-पंचवीस झाले की मांड्या भरून येतात, आणि घाटासारखा एक मोठा उतार शेवटी बक्षीस म्हणून मिळत नाही. खडकवासल्याच्या रस्त्यावर तुम्ही ताशी पंधरा-सोळाने जात असाल, तर इथे थांबे धरून नऊ-दहा धरा. पस्तीस किलोमीटर म्हणजे साडेतीन-चार तास. पहिल्या दिवशी एवढंच पुरे.

आणि चढावर उतरून सायकल ढकलत चालायला लाजू नका. मी अजून चालते. ओढ्याच्या वळणात उंबराखाली दोन मिनिटं ढकलत गेलं की पक्षी ऐकू येतात, आणि बांधावरची बाई “कुठून आलात?” असं विचारते. त्या प्रश्नानंतर बहुधा पाण्याचा तांब्या येतो.

तुमच्यासाठी मी तीन दिवसांची आखणी सुचवते. बदला हवी तशी. भोरला तळ ठोका. पुण्याहून भोरपर्यंत सायकल चालवत जाऊ नका, महामार्गाचा तो तुकडा गाडीने करा. पहिल्या दिवशी सकाळी वेळवंड खोऱ्यात जाऊन दुपारच्या आत परत या. दुसऱ्या दिवशी रोहिड खोऱ्यात आंबवड्याला जा. तिथे संस्थानी काळातला झुलता पूल आणि नागेश्वराचं देऊळ आहे. पुढे कोर्ल्याच्या दिशेने रायरेश्वर आणि केंजळगड समोर ठेवून जितकं जमेल तितकं आत जा. जिथे रस्ता डोंगरावर चढायला लागतो तिथून परत फिरा. तिसऱ्या दिवसासाठी मांढरदेवीचा घाट चढून वाईत उतरता येतं, पण पहिल्या सफरीत तो चढ नको. भोरहून पिकअप टेम्पो ठरवा, सायकल मागे टाका आणि घाट गाडीतून ओलांडा. त्यात काही कमीपणा नाही. मंगळवार-शुक्रवार हे देवीचे वार टाळा, आणि पौष पौर्णिमेच्या मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत तर त्या बाजूला फिरकूच नका. वाईतून कृष्णेच्या काठाने वर मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, घाट, आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा बघून पुढे धोम. धोमच्या पुढे जलाशयाच्या काठाने जोर गावाच्या दिशेने गेलात की महाबळेश्वरचा कडा समोर भिंतीसारखा उभा राहतो आणि खोरं तिथेच मिटतं. वाईच्या खालच्या अंगाला मात्र जाऊ नका. दिवाळीनंतर तिकडे ऊसतोड सुरू होते आणि दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अख्खा रस्ता व्यापतात.

वेळेला रस्त्याइतकंच महत्त्व आहे. पानशेतचा रस्ता मंगळवारी सकाळी आणि रविवारी दुपारी एकच रस्ता आहे असं कुणी म्हणणार नाही. तुम्हाला शाळा आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतले मधले वार पकडा. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज या दिवसांत गावाकडे येणारी वर्दळ असते, ती ओसरली की निघा. त्या सुमारास पाऊस संपलेला असतो, डोंगर अजून पूर्ण पिवळे झालेले नसतात, ओढ्यांना पाणी असतं आणि भातकापणी चाललेली असते. मावळात काही गावी लोक भात आणि नाचणी रस्त्यावरच वाळत घालतात, पेंढा पसरतात. त्यावरून सायकल घसरते, आणि धान्यावरून चाक नेणं बरंही नाही. उतरून कडेने जा. आठवडी बाजार कधी हे आदल्या दिवशी विचारून घ्या, त्या दिवशी वडाप जीपांच्या फेऱ्या वाढतात. खडीच्या खाणी जिथे आहेत तिथे डंपर असतात आणि ते उलट मधल्या वारीच चालतात. डंपर दिसला तर तो रस्ता सोडून द्या, दुसरं खोरं आहेच. मार्चनंतर ऊन सोसत नाही, जून ते सप्टेंबर शेवाळ आणि दरडी. दसऱ्यापासून माघापर्यंतचे महिने तुमचे.

कोकण तुमच्या डोक्यात असेलच. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या खाड्यांवर फेरीबोटीतून सायकल पलीकडे नेता येते, आणि तो प्रवास अगदी मनासारखा होतो. पण दोन खाड्यांमधले चढ उभे आहेत आणि दमट हवेत ते फार दमवतात. ते पुढच्या वर्षासाठी ठेवा.

आता यजमान. ते “या वयात” म्हणतात, पण मला शंका आहे की मुद्दा वयाचा नाही. मागच्या वर्षी तुम्ही पडलात तेव्हा घरी फोन कुणी उचलला असेल? रस्त्यावर तुम्ही होतात, हे खरं. पण “पडली आहे, काळजी करू नका” हे वाक्य ऐकून पुढचे काही तास घरात येरझाऱ्या घालणारे ते होते. त्यांच्याशी वयावर वाद घालू नका, त्या तासांबद्दल विचारा. आणि या वेळी त्यांना घरी ठेवू नका. भोरपर्यंत गाडी त्यांनी चालवावी, दुपारचं जेवण खोऱ्यातल्या कुठल्या गावात होणार ते त्यांनी आदल्या दिवशी फोनवर ठरवावं. पिठलं-भाकरी, ठेचा, नवा तांदूळ. आधी सांगून ठेवलं तर करून देणारी घरं मिळतात, आणि त्याचे पैसे नीट मोजून द्यायचे, घरचे नको म्हणाले तरी. सकाळी तुम्ही सायकलने निघा, ते अकराच्या सुमाराला गाडीने त्या गावात येऊन भेटतील. त्यांना रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मी कितीही लिहिलं तरी त्यांची समजूत त्यानेच पटेल.

खोऱ्यांत मोबाइलला रेंज जाते-येते. “दर तासाला फोन करते” असं वचन देऊ नका. फोन लागला नाही की त्यांचा जीव टांगणीला लागेल. त्याऐवजी ठरवा, अमुक वाजेपर्यंत अमुक गावी पोचले नाही तर शोधायला निघा, आणि वाटेत शेवटचं कोणत्या गावातून गेले ते तिथल्या दुकानात सांगून ठेवीन. गावात मुक्काम करायची वेळ आली तर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटा, शाळेची खोली, देवळाचा सभामंडप किंवा कुणाची पडवी, काही ना काही सोय होते. पण पहिल्या सफरीत रात्री तालुक्याच्या गावीच राहा. बरोबर एखादी मैत्रीण असली तर उत्तम, पण तिचा वेग तुमच्याएवढा असावा. पुढे निघून जाऊन चौकात वाट बघणारी सोबत मला तरी एकटं असण्यापेक्षा जास्त दमवते. बायकांसाठी खरी अडचण स्वच्छतागृहाची. खोऱ्यात शिरण्याआधी स्टँडवर किंवा हॉटेलात जाऊन या, आत गेल्यावर सरळ एखाद्या घरी विचारा. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नका, चढावर त्याचा त्रास होतो.

कुत्री अंगावर आली तर जोरात पळवू नका. उतरा, सायकल त्यांच्या आणि आपल्या मध्ये ठेवा, चालत गावाबाहेर पडा. सायकल थांबली की त्यांचाही जोर बहुतेक वेळा ओसरतो.

सामानात फार अडकू नका. तुमच्या सायकलच्या पुढच्या सगळ्यात लहान चकतीला तीसच्या आत दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला चौतीसच्या आसपास असतील तर हे चढ बसून चढता येतील. तसं नसेल तर दुकानातून मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलून घ्या, नवी सायकल घ्यायची गरज नाही. टायर बारीक असतील तर पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचे बसतात का ते बघा, खड्ड्यांत आणि खडीवर मनगटं वाचतात. दोन जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, आणि ट्यूब स्वतःच्या हाताने दोनदा तरी घरी बदलून पाहिलेली असावी. खोऱ्यात पंक्चरवाला नसतो. पाठीवर सॅक नको, कॅरिअरला बाजूची एक पिशवी लावा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नको.

राहिला तो मागून येणारा आवाज. तुम्ही दचकलात ते आवाज आला म्हणून आणि काय येतंय ते दिसलं नाही म्हणून. मान वळवून बघायला गेलं की हँडल वळतं, हेही एक कारण. सायकलच्या दुकानात हँडलच्या टोकाला बसणारा लहान गोल आरसा मिळतो. तो घ्या, आणि भोरला जायच्या आधी तीन-चार रविवार खडकवासल्याच्या रस्त्यावर त्यात बघायची सवय करा. मागची गाडी लांबूनच दिसते, केव्हा कडेला थांबायचं ते तुम्ही ठरवता. आपल्याकडे गाडी उजवीकडून पुढे जाते, तेव्हा आरसा उजव्या हाताला लावा.